बजीला ‘छोटा गोल पिंजरा’ पुरतो म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मंगळवारी ताईने मला एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “यात सगळं दिलंय. रविवारी जाऊन गोल पिंजरा आणते.” माझ्या भाचीला वाढदिवसाला दोन बजी, म्हणजे बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे छोटे पोपट, हवेत. मी अकरा वर्षं बजी पाळतेय. तरी ताईने मला एक फोन करण्याऐवजी कुणाचा कोण जाणे अशा मजकुरावर भरवसा ठेवला, याचा राग आला. रात्रीपर्यंत तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग ऑफिसच्या ग्रुपवरही. म्हणून इथे लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: लव्हबर्ड लहान पक्षी, त्याला लहान पिंजऱ्यातच सुरक्षित वाटतं. गोल पिंजऱ्याला कोपरे नसतात, म्हणून घाण साचत नाही, शिवाय वास्तूला तो शुभ. जागा कमी असेल तर उंच पिंजरा घ्या. चकचकीत जाळीचा घ्या, मुंबईच्या हवेत गंजत नाही. स्वयंपाकघरात टांगा, पक्ष्याला ऊब मिळते. एकच पक्षी असेल तर आरसा लावा.

नावापासूनच चूक आहे. मुंबईच्या बाजारात सगळे ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा बजी असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, बजी ऑस्ट्रेलियातला. तिथे बजींचे थवे पाणी आणि गवताचं बी शोधत मैलोन्‌मैल उडतात. हा पक्षी पिंजऱ्यात निवांत बसून राहण्यासाठी घडलेला नाही, एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता ‘लहान पक्षी, लहान पिंजरा’. बजी चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम 18 सेंटीमीटर भरतो, वजन 30-40 ग्रॅम. पण त्याने पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत फूटभर होतात. मेसेजमधल्या फोटोतला पिंजरा अंदाजे तेवढाच, फूटभर रुंद. म्हणजे मधोमध बसून दोन्ही पंख उघडले तर टोकं तारांना लागणार. उडणं राहू दे, त्याला नीट आळसही देता येणार नाही. अशा पिंजऱ्यात पक्षी जाड होतो, शेपटी तारांवर घासून पिसं झडतात, आणि घरचे कौतुकाने सांगतात की आमचा फार शांत आहे.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपला कायदा 1960 सालचा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये साफ लिहिलंय की ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला हालचाल करायला पुरेशी नाही, त्यात त्याला कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही जीव, अशी व्याख्याही त्याच कायद्यात आहे, तेव्हा पक्षी त्यात आलाच. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे काहीच नाही. त्यामुळे कुणी घाबरत नाही, पण म्हणून गुन्ह्याचा गुन्हेपणा जात नाही. कायद्याला उंचीइतकीच लांबी आणि रुंदी महत्त्वाची वाटते, हेही बघा. मेसेज लिहिणाऱ्याला फक्त उंची दिसली. बजी लिफ्टसारखा सरळ वर-खाली जात नाही, तो आडवा उडतो. अरुंद, उंच पिंजऱ्यातली खालची अर्धी जागा रिकामीच पडून राहते, कारण तो वरच्या दांडीवर बसतो.

‘लहान पिंजऱ्यात सुरक्षित वाटतं’ ही गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. नवा आणलेला बजी मोठ्या, मोकळ्या पिंजऱ्यात पहिले काही दिवस बिचकतो. त्याला उपाय सोपा आहे. पिंजरा भिंतीला लावून ठेवायचा आणि वर व दोन्ही बाजूंना पातळ चादर टाकायची. चार-आठ दिवसांत तो रुळतो. त्या चार दिवसांसाठी त्याला जन्मभर डब्यात ठेवायचं, हे मला पटत नाही.

गोल पिंजऱ्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कारण तो मी स्वतः घेतलेला आहे. माझा पहिला बजी निळा होता. दुकानदाराने पक्ष्यासोबत घुमटाचा गोल पिंजरा दिला आणि मी काही न विचारता घेतला. घुमटात वर सगळ्या तारा एकत्र येतात, तिथे दोन तारांमधली फट निमुळती होत जाते. बजी चोच आणि पायांनी तारांवर चढतो, तो त्याचा स्वभावच आहे. एका सकाळी त्याचा पाय त्या फटीत अडकला. सुटायला तो जितका फडफडला तितका पाय आत रुतला. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा तो उलटा लटकत होता. पाय सोडवला, पक्षी वाचला, पण त्या पायाचं एक बोट शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. तारांमध्ये कुठेही अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट नको आणि ती सगळीकडे सारखी हवी. घुमटात सारखी फट असूच शकत नाही.

आणि कोपरे नसणं हा गुण कसा? आपल्या खिडकीच्या ग्रिलवर कावळा येऊन बसतो, घार समोरून जाते. घाबरलेला बजी मागच्या कोपऱ्यात सरकतो. गोल पिंजऱ्यात तो सरकणार कुठे? घाणीचं म्हणाल तर ती तळाच्या ट्रेमध्ये पडते. रोज वर्तमानपत्र बदला, संपलं. वास्तूबद्दल मी बोलत नाही, पक्ष्याच्या पायाशी तिचा संबंध नाही.

चकचकीत जाळी म्हणजे जीआय जाळी, लोखंडावर जस्ताचा मुलामा. साधं लोखंड आपल्या पावसाळ्यात टिकत नाही हे खरं, मान्य. पण बजी दिवसभर तारा चोचीत धरतो, कुरतडतो. मुलाम्याचे कण आणि पांढरी भुकटी पोटात जाते आणि जस्ताची विषबाधा होते. पक्षी खूप पाणी पितो, विष्ठा पातळ होते, पिसं फुगवून गप्प बसतो. ही लक्षणं दिसली तर घरगुती काढे न देता पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. पिंजरा स्टीलचा घ्या, नाहीतर चांगल्या पावडर कोटिंगचा, आणि कोटिंगचे पोपडे निघाले की बदला. घरात जीआयचाच असेल तर व्हिनेगर आणि ब्रशने घासून, खूप पाण्याने धुऊन वाळवा. धोका कमी होतो, जात नाही.

स्वयंपाकघर तर मुळीच नको. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून फार तापला की त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. आपल्याला वासही येत नाही. फोडणीचा धूरही त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही.

आरसा दुसऱ्या बजीची जागा घेत नाही. ताई दोन आणतेय, तेवढं बरं आहे. पिंजऱ्यासोबत येणारी एकसारखी गुळगुळीत दांडी काढून पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लावा, पायाला जखमा होत नाहीत. वर सरकणारं दार असेल तर त्याला क्लिप हवीच. बजी चोचीने ते उचलतो.

“आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढा पिंजरा कुठे ठेवू?” असं ताईने विचारलं. प्रश्न रास्त आहे, मुंबईत प्रत्येकाचा आहे. दोन बजींना मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच सांगते. काल लालबागला जाऊन तिच्या शिवणयंत्रावरची भिंत टेपने मोजली. 38 इंच भरली. स्वयंपाकाचा ओटा पलीकडच्या टोकाला आहे, मध्ये दार आहे आणि खिडकीतलं ऊन पिंजऱ्यावर थेट पडत नाही. रविवारी मी तिच्यासोबत क्रॉफर्ड मार्केटला जातेय, टेप पर्समध्येच आहे.