इशारा निघाला होता, पोहोचला का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टेक्सासमधल्या ग्वाडलूप नदीच्या पुरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवामान सेवेने इशारा वेळेवर दिला होता, असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, आणि नदीकाठी मुक्कामाला जाणाऱ्यांनी आपली काळजी आपणच घ्यायला हवी होती, उगाच प्रशासनाला झोडपण्यात अर्थ नाही. तुम्ही तळमळीने लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहितो.

इशाऱ्याबद्दल तुमचं बरोबर आहे. ३ जुलै २०२५ च्या दुपारीच राष्ट्रीय हवामान सेवेने पुराची शक्यता वर्तवली होती. मध्यरात्र उलटल्यावर १ वाजून १४ मिनिटांनी केर काउंटीसाठी (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) थेट इशारा निघाला, मोबाइल वाजवणारा. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या हवामानतज्ज्ञांना मी मुळीच दोष देत नाही.

पण इशारा निघाला तेव्हा माणसं कुठे होती ते बघा. ४ जुलै म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. नदीकाठची शिबिरं आणि तंबूंच्या जागा भरलेल्या, सगळे गाढ झोपेत. डोंगराळ मुलूख, मोबाइलला धड रेंज नाही. कॅम्प मिस्टिक या मुलींच्या शिबिरात तर मुलींना मोबाइल जवळ ठेवायची परवानगीच नव्हती. आठ-नऊ वर्षांची पोर बंकवर झोपली आहे, बाहेर विजा कडाडताहेत, खोलीत मिट्ट काळोख. तिच्यापर्यंत तो इशारा जाणार कसा? कुणीतरी मोठ्या माणसाने वेळेत येऊन तिला उठवायचं आणि टेकडीवर न्यायचं, एवढी एकच वाट होती. त्या शिबिरातल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या तरुणी मिळून २७ जणी गेल्या. त्या पुरांत टेक्सासमध्ये एकूण १३० हून अधिक माणसं दगावली.

नदीच्या काठावर राहिलेच कशाला, असं तुम्ही विचारता. एरवीची ग्वाडलूप नितळ आणि उथळ आहे, काठाने उंच सायप्रसची झाडं, कित्येक ठिकाणी चालत ओलांडता येईल इतकं पाणी. तिचं खरं रूप वरच्या डोंगरांत आहे. ते चुनखडीचे, वर मातीचा जेमतेम थर. पाऊस कोसळला की मुरायला जागाच नाही; सगळं पाणी उतारावरून एकाच पात्रात येतं. त्या पहाटे नदी ४५ मिनिटांत सुमारे २६ फूट चढली. पायाला पाणी लागल्यावर जागं होणाऱ्याने काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं? दोन फूट वाहतं पाणी मोटारगाडी उचलून नेतं, त्यामुळे गाडी काढून पळायचं म्हटलं तरी मरण.

शंभर वर्षांचा हिशेबही फसवा आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षं एकाच जागी शिबिर भरवलं तर तोच धोका २६ टक्क्यांवर जातो. आणि या नदीने इतकी वाटही पाहिली नव्हती. १७ जुलै १९८७ रोजी याच ग्वाडलूपच्या काठी, कम्फर्ट गावाजवळ, शिबिरातून मुलांना बाहेर काढणारी बस पाण्यात अडकली आणि १० किशोरवयीन मुलं बुडाली. २०१५ च्या मे महिन्यात टेक्सासमधल्याच ब्लांको नदीने विंबरली गावात घरंच्या घरं वाहून नेली. त्यानंतर केर काउंटीत पुराचा इशारा देणारे भोंगे बसवायची चर्चा झाली. काहींना तो खर्च अवाच्या सवा वाटला. सुमारे दहा लाख डॉलरच्या अनुदानासाठी अर्ज गेला, तो मंजूर झाला नाही, आणि विषय तिथेच पडून राहिला. मी प्रशासनाला बोल लावला तो यासाठी. धोका ठाऊक होता, उपाय चर्चेत होता, पैसा मात्र निघाला नाही. वर ३१ जुलैच्या सुनावणीत काउंटीच्या आपत्ती व्यवस्थापन समन्वयकांनी स्वतःच सांगितलं की ते त्या रात्री आजारी होते आणि झोपलेले होते. आजारी कुणीही पडेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक माणूस झोपला की सगळी साखळीच तुटते, ही व्यवस्था कसली?

उलट उदाहरण त्याच नदीवर आहे. कम्फर्टने स्वतःची भोंग्यांची सोय केली होती. त्या सकाळी स्वयंसेवक अग्निशामक दलाने भोंगे वाजवले, जवान लोकांना सावध करत फिरले, आणि गावात एकही जीव गेला नाही. गाव खालच्या अंगाला असल्याने त्यांना जास्त वेळ मिळाला, हे खरंच. म्हणजे भोंग्यांनी वरच्या अंगाला, कॅम्प मिस्टिक जिथे आहे त्या हंट गावाजवळचे सगळे वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. काही जण तरी वाचले असते, एवढं मात्र ठामपणे म्हणतो.

‘आईवडिलांनी विचार करायला नको होता का?’ हे तुमचं वाक्य मला फार लागलं. मुली गमावलेले तेच आईवडील पुढे टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला, विधिमंडळात जाऊन बोलले. सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासने कायदा केला: पूररेषेत शिबिराच्या खोल्या नकोत, आणीबाणीची योजना तयार हवी, पूरप्रवण भागात भोंगे हवेत. म्हणजे जे आधीच व्हायला हवं होतं, ते त्यांनी करून घेतलं.