साक्ष झाली, टाळ्या झाल्या, काकूंचे ऐंशी हजार कुठंयत?

आज चर्चमधून आल्यापासून डोकं फिरलंय. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भाताचा लगदा झाला. नाव घेत नाही, आपल्या मंडळीतल्या सगळ्यांना कळेलच. भिशीचे पैसे घेऊन दोन वर्षं गायब झालेला माणूस आज पुढं उभा राहून साक्ष देत होता, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांना सांगत होता. "प्रभूने माझी सगळी पापं धुतली, पाटी कोरी केली." हालेलुया काय, टाळ्या काय. आणि तिसऱ्या बाकावर काकू. ऐंशी हजार रुपये, नवरा गेल्यावर ब्लाउज शिवून शिवून भरलेले. त्यांच्याकडं त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही ओ!

कुठली पाटी कोरी झाली बाबा? काकूंच्या डायरीतली तर नाही झाली.

मला पप्पाच आठवले एकदम. ते प्रेसमध्ये कंपोझिटर होते, खिळे जुळवायचे. १९८७ ची गोष्ट, मी नऊ वर्षांची. त्यांचं एचएमटीचं घड्याळ हरवलं, संशय हेल्पर पोरावर, पप्पा मालकाला बोलले आणि पोराला त्याच दिवशी काढलं. तीन महिन्यांनी घड्याळ सापडलं आमच्याच घरात, मम्मीच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये, रिळांच्या खाली. पप्पा त्या रात्री जेवलेच नाहीत. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, प्रार्थना केलीस ना, देवाने क्षमा केली, आता मनाला लावून घेऊ नको. पप्पा हो म्हणाले. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून घ्यायच्या द्राक्षरसाचा ट्रे आला, ते छोटे काचेचे पेले किणकिणत, आणि पप्पांनी तो न घेता पुढं दिला. पुढच्या महिन्यातही तेच. मी शेजारी बसलेले, मला वाटायचं पप्पांना द्राक्षरस आवडेनासा झाला.

आता कोणीतरी येईलच कमेंटमध्ये, ताई तुम्ही कर्मांनी तारण शिकवताय, म्हणजे चांगली कामं करून पापातून सुटका मिळते असं. नाही शिकवत. बायबलातलं इफिस २:८ मी पण घोकलंय, तारण कृपेनेच. मार्क १०:४५ मधली खंडणी, आपल्या पापांची, येशूने भरली, त्यात माझा एक पैसा चालत नाही. हेच तर आपलं वेगळेपण. मराठीत प्रायश्चित्त म्हटलं की ज्याने पाप केलं त्यानेच घ्यायचं, उपासतापास, काय असेल ते. आपल्यात गुन्हा माझा आणि प्रायश्चित्त केलं दुसऱ्याने, वधस्तंभावर. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, तुमचं बरंय गं, पाप करा आणि येशूच्या खात्यावर टाका. दरवेळी मी चिडून तिला समजावते की असं नसतं. उद्या काय सांगू तिला? कारण आज टाळ्या नेमक्या त्यालाच पडल्या.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १६ व्या अध्यायातले दोन बकरे सगळ्यांना माहितीयत, एक मारायचा आणि दुसऱ्यावर हात ठेवून, पापं कबूल करून त्याला रानात सोडायचा. त्याच पुस्तकाचा सहावा अध्याय कोणी वाचत नाही. ज्याने शेजाऱ्याला फसवलं त्याने घेतलेलं सगळं परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा, आणि मग दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा बळी, घेऊन याजकाकडं जायचं. आधी शेजारी. येशू पण मत्तय ५ मध्ये हेच सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर जा.

बरं, येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या क्षणी क्षमा मिळालेल्या चोराने काही परत केलं नव्हतं, मान्य. त्याला वेळही नव्हता आणि हातही मोकळे नव्हते. आपल्या साक्षवाल्या साहेबांच्या हातात आज माईक होता.

पप्पांनी त्या पोराला शोधायला दोन महिने घालवले. शेवटी श्रीरामपूरला एका चहाच्या टपरीवर सापडला. पप्पांनी पाकीट दिलं, तीन महिन्यांचा पगार नऊशे, आणि वर एकशे ऐंशी. मम्मी कितीतरी वर्षं विचारायची, वरचे एकशे ऐंशी कशाचे हो? पप्पा सांगायचे नाहीत. नऊशेचा पाचवा हिस्सा हे मला कळलं लग्नानंतर, लेवीय वाचताना. एकटीच रडले होते तेव्हा.

आणि पोराने माफबिफ काही केलं नाही हं. पैसे मोजले, खिशात घातले आणि म्हणाला, "मास्तर, आमच्या आईला येऊन सांगा. ती अजून मलाच चोर म्हणती." पप्पा तसेच त्याच्याबरोबर एसटीने त्याच्या घरी गेले, अंगणात उभं राहून, शेजारीपाजारी ऐकत असताना सांगितलं. पुढच्या पहिल्या रविवारी त्यांनी पेला उचलला तेव्हा हात इतका थरथरत होता की थोडं शर्टावर सांडलं.

काकूंना बाहेर भेटले तर त्याच म्हणतात, जाऊ दे गं, आला ना परत चर्चला, तेवढं तरी बरं. त्यांचं मन मोठं. माझं नाही. आज ट्रे माझ्यापाशी आला तेव्हा मीच तो पुढं दिला, मनात त्या माणसाबद्दल एवढं विष घेऊन पेला उचलवेना. लेकीने विचारलं, मम्मी तू का नाही घेतलंस? मला उत्तर देता आलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी सातला काकूंना घेऊन त्याच्या घरी जाणारे, डायरी घेऊन. भांडायला नाही. चहा दिला तर पिऊ. भिशीतलं अजून कोणाला यायचं असेल तर मेसेज करा.