कपाटामागची भिंत

गेल्या आठवड्यात मावसभावाने एकामागून एक २७ फोटो पाठवले. खाली एकच ओळ : "ताई, घर फायनल करतोय. रविवारी टोकन देतोय."

सगळे फोटो नीट पाहिले. हॉल चारही बाजूंनी, गॅलरीतून दिसणारं आकाश, छतातले लपवलेले दिवे. एकाही फोटोत नळ नव्हता. फोन करून विचारलं, "पाणी सोडून बघितलंस का?" तर म्हणाला, "अगं, लोक राहतायत तिथे अजून. त्यांच्या बाथरूममध्ये जाऊन नळ काय सोडायचे? बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाही" या तीन शब्दांपायी आम्ही आमच्या पहिल्या घरात जेवढे पैसे घालवले, तेवढे आम्हाला कुणी फसवूनही नेले नसते. म्हणून हे सविस्तर लिहितेय. घर घेताना काय काय तपासावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, आम्हीही वाचल्या होत्या. यादी खिशात होती, तोंड उघडत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तळमजल्यावरचं घर. आतल्या खोलीत तीन भिंतींचा रंग जुना, थोडा विटलेला, आणि चौथी भिंत नवी कोरी. तिला टेकून भलंमोठं कपाट. खोलीत रंगाचा वास येत होता. मला आला, नवऱ्यालाही आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही गप्प बसलो. मालकीणबाई इतक्या अगत्याने बोलत होत्या की त्यांना "जरा कपाट सरकवता का?" म्हणायचा धीरच झाला नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, एकच भिंत का रंगवली असेल? नवरा म्हणाला, मुलांनी रेघोट्या मारल्या असतील. मला ते लगेच पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. त्यांना मुलं नव्हती हे नंतर कळलं.

पहिल्याच पावसाळ्यात भिंत गुडघ्यापर्यंत काळवंडली. रंगाला फोड आले, त्यावर पांढरी भुकटी. बोट लावलं की गिलावा भुसभुशीत होऊन खाली. कारागीर आला, खाली बसला, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "मॅडम, हे रंगाचं काम नाही." जमिनीतली ओल विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढते, बहुतेक वेळा कमरेच्या आसपास येऊन थांबते. येताना सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहून फुगतात आणि रंग, गिलावा दोन्ही फोडतात. वरून कितीही रंग मारा, पोपडे येणारच.

तेव्हापासून कुठल्याही घरात गेले की माझी नजर आधी ओल कुठून सुरू होते तिकडे जाते. खालून वर चढत असेल तर जमीन. छताच्या कोपऱ्यातून उतरत असेल तर गच्ची किंवा वरच्यांचं बाथरूम, म्हणजे दुरुस्ती तुमची आणि भांडण वरच्यांशी. खिडकीच्या चौकटीभोवती असेल तर बाहेरच्या भिंतीतून गळती. प्रत्येकाचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा. बाकीच्या तपासण्यांना अर्धा तास लागत नाही. दोन नळ एकदम सोडून फ्लश ओढायचा, धार बारीक होते का बघायचं. बाथरूमच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, ते पाहायचं. मोबाइलचा चार्जर प्रत्येक सॉकेटला लावायचा. दारं घासतायत का, दाराखिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात का. केसाएवढी भेग गिलाव्याची असू शकते, पण नाण्याची कड आत शिरत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याची फी जास्त वाटते. मलाही वाटली होती.

आता बँकेतला संकोच. हा मला जास्त महागात पडला.

आम्ही बँकेत गेलो आणि विचारलं, "आम्हाला किती कर्ज मिळेल?" प्रश्नच चुकला. बँक स्वतःची वसुली सांभाळून आकडा सांगते, तुमची झोप तिच्या हिशोबात नसते. समोरच्या माणसाने भराभर कागद पुढे केले, मी मान डोलावत सह्या केल्या. व्याज नक्की कसं कापलं जातं हे विचारलं तर अडाणी दिसेन, एवढीच काळजी. तो हिशोब आता इथे मांडते, म्हणजे तुम्हाला कुणाला विचारायची वेळ येणार नाही.

कर्ज १०० धरा, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. एकूण परतफेड जवळपास २१६. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं, की पहिल्या हप्त्यातले ८३ टक्के नुसतं व्याज असतं. पाच वर्षांत तुम्ही ५४ भरता आणि कर्ज उरतं जवळपास ८९. निम्मं मुद्दल फिटायला चौदा वर्षं लागतात. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत ३० वर्षं केली, तर हप्ता जेमतेम ११ टक्क्यांनी उतरतो आणि एकूण परतफेड २९० वर जाते. आम्ही तेच केलं होतं. "हप्ता कमी बसेल" एवढंच ऐकलं.

बदलत्या दराचं कर्ज असेल तर आणखी एक गंमत. दर ९ चा १० झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर सुरुवातीलाच २० वर्षांची मुदत २६ च्या पुढे सरकते. हप्ता वाढलेला नसतो, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही. अमेरिकेत २००८ च्या आधी पहिली दोन वर्षं कमी दर आणि मग चढा दर अशी कर्जं सर्रास वाटली गेली. दर चढल्यावर काय झालं ते जगाने पाहिलं. म्हणून सही करण्याआधी एकच विचारा : दर दोन टक्क्यांनी वाढला तर माझा हप्ता किती होईल आणि मुदत किती? उत्तर कागदावर मागा. आणि जमलं तर दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरा, मुद्दलात जमा करायला सांगून. वरच्या उदाहरणात २० वर्षांतली साधारण साडेतीन वर्षं वाचतात.

इथे कुणीतरी म्हणणारच, भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात. मला हे वाक्य ऐकून ऐकून वीट आलाय. पहिल्या वर्षांतलं व्याजही परत येत नाही, देखभालखर्चही नाही, नोंदणीचा खर्चही नाही. तीन-चार वर्षांत बदली किंवा नोकरी बदलण्याची शक्यता असेल तर भाड्याने राहणारा मूर्ख नसतो. घर जरूर घ्या, पण या वाक्याच्या धाकाने घेऊ नका.

किमतीचंही तसंच. मालक एक आकडा बोलतो आणि आपली घासाघीस त्याच्या आसपासच फिरते. नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये त्यांनी एकच घर वेगवेगळ्या लोकांना दाखवलं, फक्त सांगितलेली किंमत बदलली. विद्यार्थीच काय, मुरलेले एजंटसुद्धा त्या आकड्याकडे ओढले गेले, आणि अंदाज कशावरून बांधला हे सांगताना बहुतेक एजंटांनी त्या किमतीला मुख्य कारणांत धरलंच नाही. तेव्हा घर बघायला जाण्याआधीच आसपासचे झालेले व्यवहार काढा आणि आपण जास्तीत जास्त किती देणार तो आकडा वहीत लिहून ठेवा. व्यवहार काढा म्हणजे मागितलेले भाव नव्हेत, प्रत्यक्षात नोंदले गेलेले.

कागदपत्रांवर लांबण लावत नाही. वकील स्वतःचा करा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. मालकी कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी आणि घरावर बोजा, म्हणजे आधीचं कर्ज वगैरे, आहे का, एवढं त्याच्याकडून लेखी घ्या. आणि टोकन देताना पावतीवर एक ओळ असू द्या : कर्ज मंजूर झालं नाही किंवा कागदात दोष निघाला तर रक्कम परत. ही ओळ मागताना आपल्याला वाटतं की समोरच्याला वाईट वाटेल. वाटू दे.

शेजाऱ्यांशी मात्र नक्की बोला. "पाणी किती वाजता येतं हो काकू?" एवढं विचारलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. लिफ्ट कधीपासून बंद आहे, कुणाचं कुणाशी वाजलंय, छताच्या दुरुस्तीसाठी येत्या वर्षात वर्गणी निघणार आहे का. नवऱ्याला हे नको त्या चौकशा करणं वाटतं. असेल. मी करते. कामाच्या दिवशी सकाळी तिथून ऑफिसला एकदा प्रत्यक्ष जाऊनही बघा, रविवारी दुपारी रस्ता रिकामाच असतो.

"एवढं खोदत बसलं तर घर हातचं जातं," असं एजंट म्हणतात, आणि ते खोटं नाही. दुसऱ्या वेळी आमचं एक घर तसंच गेलं. चार दिवस रुखरुख लागली. आजही त्या रस्त्याने जाताना मी मान वर करून त्या गॅलरीकडे बघते. आणि सगळ्याच गोष्टींसाठी अडून बसावं असंही नाही. फरशी, ओटा, रंग, दिवे हे पुढे हळूहळू बदलता येतं. उजेड, रस्ता, वरचे शेजारी आणि जमिनीतली ओल बदलता येत नाही.

भावाला हे सगळं फोनवर ऐकवलं. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "ताई, तू फार संशयी झालीयेस." मी म्हटलं, झालेय. टोकन पुढे ढकल आणि पुन्हा एकदा जाऊन ये.

काल रात्री त्याचा मेसेज आला. नळ सोडून पाहिले, धार चांगली आहे. चार्जर सगळीकडे चालला. बेडरूममधलं कपाट सरकवायला सांगितलं, तर ते म्हणाले आज जरा गडबड आहे, उद्या या.

उद्या मीही जातेय त्याच्याबरोबर.