बाराशेचं सक्शन

आमच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीवर १२०० हा आकडा रुपेरी अक्षरांत छापलेला आहे. ताशी १२०० घनमीटर हवा ओढते, असं दुकानदाराने सांगितलं होतं. नवऱ्याने दुकानातच मोबाइल काढून हिशोब मांडला. मिनिटाला २० घनमीटर. आमचं स्वयंपाकघर आठ फूट बाय नऊ फूट, उंची नऊ फूट, म्हणजे सगळं मिळून १८ घनमीटरच्या आसपास. "अगं, मिनिटभरात अख्खं स्वयंपाकघर बाहेर!" तो म्हणाला. त्यात मला धरलं होतं की नाही, हे काही बोलला नाही.

प्रत्यक्षात बोंबील तव्यावर पडले की धूर वर जातो, चिमणीच्या काचेला टेकतो, जरा विचार करतो आणि हॉलमध्ये जाऊन टीव्हीसमोर बसतो. चिमणी इतकी घरघरते की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. सासूबाई डोळ्यांना पदर लावून आतल्या खोलीतून विचारतात, "चिमणी चालू असा मां गो?" एवढ्या आवाजात त्यांना ही शंका येते, यातच चिमणीचं सगळं कर्तृत्व आलं.

परळच्या चाळीत असताना हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. दार सकाळी उघडायचं ते रात्री झोपताना लागायचं. धूर गॅलरीत, गॅलरीतून शेजाऱ्यांकडे, आणि शेजारी तिथूनच ओरडायचे, "आज बांगडा वाटतं!" रीडेव्हलपमेंट झालं, आम्ही सतराव्या मजल्यावर चढलो आणि घराला एक फट म्हणून ठेवली नाही. स्लायडिंग खिडक्यांना रबराच्या पट्ट्या, मुख्य दाराखाली ब्रशची पट्टी. समोर दुसरा टॉवर उठतोय त्याची धूळ, तिन्हीसांजेला डास, दिवसभर कबुतरं आणि वर एसी. खिडकी उघडायला कुणी हात नुसता पुढे केला तरी घरातल्या किमान दोघांचा विरोध असतो.

पहिल्यांदा कंपनीचा सर्व्हिसवाला आला. त्याने फिल्टर काढले, गरम पाण्यात सोडा टाकून भिजवले, तेलाची वाटी रिकामी केली आणि बटण दाबून कान लावला. "मॅडम, सक्शन एकदम ओके है." मग एक टिश्यू पेपर फिल्टरखाली धरला. टिश्यू चटकन चिकटला. मी तळत असताना तोच कागद गळून तव्यात पडायचा. पण त्याला ड्राय बाल्कनीत फोन लावायचा होता म्हणून त्या वेळी तिथलं सरकतं दार सताड उघडं होतं. याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. जाताना त्याने निदान सांगितलं, "आप लोग तलते बहुत हो," आणि १४०० वाल्या मॉडेलचं पत्रक ओट्यावर ठेवून गेला.

नवऱ्याला सर्व्हिसवाल्याचा राग आला की तो स्वतः इंजिनिअर होतो. त्याने स्वयंपाकघरातल्या पीओपीचा एक तुकडा खोलला. वर अ‍ॅल्युमिनियमचा घड्यांचा पाईप अजगरासारखा वेटोळं घालून पडला होता. चिमणीच्या डोक्यावर सहा इंचांचा, बिल्डरने भिंतीत सोडलेल्या भोकाशी चार इंचांचा, आणि मधे कॅबिनेट चुकवायला दिलेली वळणं. सहाचा चार केला म्हणजे तिसरा हिस्सा गेला, असं मला वाटलं होतं. पण हिशोब गोल तोंडाच्या क्षेत्रफळाचा. छत्तीसास सोळा. निम्म्याहून जास्त वाट तिथेच बुजली. त्यात प्रत्येक वळणावर हवा अडखळते आणि पाईपाच्या आतल्या घड्यांवर खरवडत जाते. १२०० हा आकडा पाईपच न जोडता, मोकळ्या तोंडाने मोजलेला असतो, हेही त्या दिवशी कळलं. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. आपणही गिऱ्हाईक म्हणून असलं काही विचारत नाही. आपण रंग विचारतो.

भोक मोठं करायला सोसायटीची परवानगी लागते. सेक्रेटरींनी बिल्डिंगच्या दर्शनी भिंतीचं सौंदर्य, बीमची सुरक्षा आणि थकलेला मेंटेनन्स या तिन्ही विषयांवर आमचं बौद्धिक घेतलं. आमचं भोक दर्शनी भिंतीत नसून मागच्या डक्टमध्ये उघडतं, हे नकाशावर दाखवल्यावर ते जरा हिरमुसले, पण सही दिली. कोअर कटिंगवाला आला, सहा इंची सरळ पीव्हीसी पाईप बसला, वळण एकच उरलं. बाहेरच्या तोंडावरची झडप, जी आतली हवा बाहेर जाऊ देते आणि बाहेरची आत येऊ देत नाही, ती तेलाच्या चिकट्याने अर्धीच उघडत होती. तिच्या आडोशाला कबुतराने काड्या आणि तारेचे तुकडे रचून संसार मांडला होता. अंडी नव्हती. नाहीतर सासूबाईंनी पिल्लं उडेपर्यंत आम्हाला उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं असतं.

फरक पडला. धूर हॉलमध्ये जायचा तो आता पॅसेजपर्यंतच जायला लागला. त्याच सुमारास आणखी दोन व्याधी सुरू झाल्या. चिमणी लावली की मुख्य दाराच्या फटीतून बारीक शिट्टी वाजायची, आणि बाथरूमच्या जाळीतून गटाराचा वास यायचा. शिट्टी वाऱ्यावर ढकलली, वासासाठी प्लंबर बोलावला. तो आला तेव्हा स्वयंपाक आटोपला होता, चिमणी बंद होती, वास नव्हता. प्लंबरने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं, आणि प्लंबरने व्हिजिटचे पैसे घेतले.

हे कोडं सुटलं अमेरिकेत. मोठ्या दिरांचा मुलगा व्हरमाँटला असतो. त्याने जुनं घर घेतलं. त्यात विटांची उघडी फायरप्लेस होती आणि तिच्या खोबणीत बसणारी काचेच्या दाराची लोखंडी शेगडी त्याने लाकडं जाळायला बसवून घेतली. हौस. तीही धूर घरात टाकायला लागली. आमच्या रविवारच्या सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या रात्री, व्हिडिओ कॉल व्हायचा. इकडे मी खोकतेय, तिकडे तो.

त्याचा अभ्यास आमच्याहून पुढे होता. पहिला दोष लाकडांचा निघाला. ओल मोजायचं यंत्र आणलं तर लाकडात तीस टक्के पाणी. ते वीसच्या खाली हवं, आणि त्यासाठी फोडलेलं लाकूड वर्षभर तरी वाळवावं लागतं. सासूबाई मोबाइलमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "ह्या सांगूक यंत्र कित्याक? लाकडार लाकूड आपट आणि आवाज आयक!" दुसरा दोष, शेगडीचा धूर विटांच्या जुन्या रुंद धुराड्यात नुसताच सोडला होता. तिथे तो पसरतो, थंड होतो, वर जायचा जोर संपतो आणि भिंतींवर काळा चिकट थर धरतो. तो थर कधीकाळी पेट घेतो, म्हणून वरपर्यंत स्टीलची नळी घालावी लागली. शिवाय गारठलेल्या नळीत हवा खालीच बसून राहते, म्हणून पेटवण्याआधी वर्तमानपत्राचा बोळा जाळून ती तापवायची. तिथे धुराला वर नेतो तो आतल्या उबेचा आणि बाहेरच्या थंडीचा फरक. परळला मे महिन्यात तो फरक आणायचा कुठून? आमची सगळी भिस्त मोटरवर.

एवढं करून त्याची शेगडी सुतासारखी सरळ आली. मग एका रात्री अकरा वाजता आमच्या सूनबाईंना भज्यांची हुक्की आली. तिने ओट्यावरची चिमणी लावली आणि आमच्या डोळ्यांदेखत, मोबाइलच्या पडद्यावर, शेगडीच्या फटींतून धूर आत यायला लागला. भज्यांच्या चिमणीने घरातली हवा बाहेर काढली, नव्या खिडक्यांनी बाहेरची आत येऊ दिली नाही, मग घराने ती धुराड्यातून ओढून घेतली. भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केकाटण्याआधी पुतण्याने चिमणी बंद केली आणि बाहेर उणे पंधरा असताना खिडकी इंचभर सरकवली. धूर मुकाट्याने वर गेला.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्याकडे चिमणी चालू असताना हवा कुठून येते?"

दाराच्या फटीतून. शिट्टी वाजवत. आणि उरलेली बाथरूमच्या जाळीतून.

पुतण्याने वर इतिहासही सांगितला. बेंजामिन फ्रँकलिन १७८५ साली फ्रान्सहून अमेरिकेला परतताना जहाजावर बसून धूर कोंडणाऱ्या धुराड्यांवर लांबलचक पत्र लिहीत होता. त्यात त्याने नऊ कारणं दिली आहेत आणि पहिलंच हे आहे, की नवं घर इतकं घट्ट बांधलेलं असतं की आत हवाच येत नाही. म्हणजे आमच्या टॉवरचं निदान टॉवरच्या आधी सव्वादोनशे वर्षं तयार होतं. नवऱ्याने त्या दिवशी गॅस गीझर घ्यायचा बेत कायमचा रद्द केला. असल्या घरात त्याचा धूर उलटा बाथरूममध्ये ओढला गेला तर नाकाला कळणारही नाही. हा त्याचा निर्णय मात्र मी बिनविरोध मंजूर केला.

आता प्रश्न खिडकी कुठली उघडायची एवढाच. स्वयंपाकघराची उघडली तर वारा शेजारूनच थेट चिमणीत शिरतो आणि जाता जाता तव्यावरचा धूर बाजूला ढकलतो. म्हणजे हवा हवी ती लांबून. बेडरूममध्ये मुलाचा अभ्यास, म्हणजे मोबाइल, चालू असतो. मुख्य दार उघडं ठेवलं तर लॉबीत वास, आणि 'काही सभासद' या शब्दांनी सुरू होणारी नोटीस. उरला हॉल. पडद्याआड दोन इंच, एसी बंद, मॅच चालू. नवऱ्याने घाम पुसत, सासूबाईंनी कबुतरांवर नजर ठेवत हे मान्य केलं. टिश्यू पेपर चिकटला तो पडेचना. बोंबील तळून झाले आणि पॅसेजमध्ये कुणी खोकलं नाही.

पुढच्या रविवारी बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या वहिनी. हातात साबुदाण्याच्या खिचडीची झाकलेली बशी.

"आज संकष्टी आहे हो आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "आणि खिचडीला बोंबलाचा वास येतोय. आमची चिमणी बंद आहे, तरी तिच्यातूनच येतोय. तुमच्याकडे काय बसवलंत?"

फ्रँकलिनच्या यादीत हेही आहे, आठव्या क्रमांकावर. ज्या घरात चूल पेटलेली नाही, तिथे दुसऱ्याचा धूर धुराड्यातून खाली उतरतो. एकाच डक्टमध्ये उघडणारे दोन पाईप, आणि वरच्या मजल्यावरची झडप चिकट्याने अर्धी उघडी राहिलेली.

"तुमच्या चिमणीचं सक्शन किती आहे हो?" मी विचारलं.

"पंधराशे," वहिनी अभिमानाने म्हणाल्या.

नवरा शिडी, पेचकस आणि टिश्यू पेपरचा रोल घेऊन त्यांच्यामागे जिना चढला. चिमणीच्या घरघरीतही वरून त्याचा आवाज ऐकू येत होता. तो त्यांना आधी हॉलची खिडकी उघडायला सांगत होता, आणि त्यांच्या सासूबाई नको म्हणत होत्या.