पॅनेलनं ओल झाकते, वाळत नाही

ओल येणाऱ्या खोलीवर ‘रामबाण उपाय’ सांगणारा एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: पीव्हीसी पॅनेल ठोका, ओल कायमची जाते. पीओपी ओल शोषून घेतं म्हणून चांगलं. सिमेंटचा जाड गिलावा दिला की पाणी थांबतं. चुना जुनाट, त्याच्या नादी लागू नका. आमच्या काकूंनी तो वाचून पॅनेलवाल्याला मापं घ्यायला बोलावलंसुद्धा. म्हणून हे आजच लिहितोय.

आधी पॅनेल, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. पीव्हीसी सडत नाही, हे मान्य. सडतं ते त्याच्या मागचं. पॅनेल बहुतेक वेळा लाकडी पट्ट्यांवर ठोकतात. पट्टी ओल्या भिंतीला टेकलेली, मागे वारा नाही. पावसाळाभर भिंतीतून निघणारा ओलावा तिथंच कोंडतो. पट्टीवर आधी काळी बुरशी येते, मग जोत्यातून वाळवी चढते. पुढून सगळं चकचकीत, त्यामुळे शेजारची चौकट पोखरली जाईपर्यंत कळत नाही. आणि ओल थांबलेली नसतेच. पूर्वी ती तीन फुटांपर्यंत चढून हवेत उडून जायची. आता वाट बंद झाल्यावर आणखी वर चढते आणि पॅनेलच्या वरच्या कडेला रंगाचे पोपडे सुटतात. कोरड्या भिंतीवर शोभेसाठी पॅनेल खुशाल लावा. ओल्या भिंतीवर नको म्हणजे नको.

पीओपी म्हणजे जिप्सम. ते लिटरभर पाण्यात दोनेक ग्रॅम विरघळतं. दरवर्षी भिजलं-वाळलं की मऊ पडतं, नखानं खरवडलं तर पीठ निघतं. व्हाइट सिमेंटची पुट्टी त्यापेक्षा टिकते, पण ओल तीही थांबवत नाही.

जाड सिमेंट गिलाव्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पावसाची झड बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चांगला गिलावा हवाच. पण आपल्याकडची जुनी घरं पांढऱ्या मातीत बांधलेल्या दगडांची. माती मऊ, ओलीनं फुगणारी. त्यावर एकास तीनचा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) सिमेंट गिलावा ताठ. दोघांचं जमत नाही. मागे खार, म्हणजे ओलीबरोबर आलेले क्षार, साचतो आणि गिलावा भिंत सोडतो. बोटाच्या पेरानं ठोकून बघा, सुटलेल्या जागी पोकळ आवाज येतो.

चुना जुनाट म्हणणाऱ्यांनी वेरूळ बघावं. तिथल्या माती-चुन्याच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आढळले. ते संशोधन २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलं. ओलावा घेणारा आणि परत सोडणारा तो गिलावा हजाराहून जास्त पावसाळे टिकलाय. लेणं म्हणजे राहतं घर नव्हे, हे खरं, पण भिंतीला श्वास लागतो हे दोन्हीकडे सारखंच.

तर आधी ओल कुठून येते ते शोधा. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतून येतेय; बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवाच दमट आहे, तिथं खिडकी उघडी ठेवून भागतं. मोरीचा पाइप गळत असेल तर तो आधी. गल्लीतला सिमेंट रस्ता दर वेळी जुन्यावरच ओततात, जोतं बुडतं आणि पाणी भिंतीला टेकतं. जोतं भोवतालच्या जमिनीहून दीड फूट वर हवं. ते जमत नसेल तर निदान भिंतीलगतची माती उपसून बाहेरच्या बाजूला उतार काढा.

मग मार्चमध्ये, ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत जुना गिलावा काढा. विटा-दगडांमधले सांधे अर्धा इंच खोल कोरून काढा. खार कोरड्या ब्रशनंच झाडा. धुतलात तर तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. उन्हाळाभर भिंत उघडी वाळू द्या. मेअखेरीस विटांच्या भिंतीवर सिमेंट एक, चुना एक, वाळू सहा या प्रमाणात अर्धा इंच गिलावा द्या. मातीच्या जोडाईवर सिमेंट नकोच, चुना-वाळूचाच द्या. मे महिन्याच्या उन्हात तो तडकतो, म्हणून ओली पोती लावून सात दिवस पाणी मारा. चुन्याचा असेल तर आणखी काही दिवस. ऑइलपेंट लावू नका. पहिला पावसाळा जाईपर्यंत चुन्याचे दोन पातळ हात पुरेत.