वस्तीला पाण्याची शिकवणी कशी घ्यावी

तर मंडळी, वस्तीत जाऊन लोकांना पाणी-स्वच्छता शिकवायची हौस तुम्हालाही असेल, तर आधी माझ्याकडून थोडं मार्गदर्शन घ्या. मी नुकतीच अशा एका शिबिराला बसले होते, म्हणजे बसवलं गेलं, आमच्याच गल्लीत होतं. बॅनर, टोप्या, प्रोजेक्टर, सगळं व्यवस्थित. मॅडम सांगत होत्या की ब्रश करताना नळ बंद ठेवा आणि शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करा. ज्या गल्लीत एकाही घरात नळ नाही तिथे. तेवढ्यात कोपऱ्यावर पाणी आलं, हंडे खडखडले, अर्ध्या बायका उठून पळाल्या, मी पण पळाले. आणि मागून मॅडम त्यांच्या सरांना सांगत होत्या, "बघितलंत ना सर, अवेअरनेसच नाही, मानसिकता बदलायला हवी."

तर पहिली टीप, शिबिर ठेवण्याआधी पाणी कधी येतं ते चुकूनही विचारू नका. तसंही ते पाण्याला तरी कुठे माहीत असतं.

सुरुवात 'पाणी वाचवा' पासूनच करा. ज्यांच्याकडे बाग, गाडी आणि शॉवर आहे त्यांच्याकडे जाऊ नका, तिथे वॉचमन आत सोडत नाही. इथल्या बाईला सांगा, थेंब थेंब मोलाचा. तिला काय कळतंय, ती आपली भांडी विसळलेलं पाणी बाजूला ठेवते, त्यात फडकी धुते, त्याच पाण्याने फरशी पुसते आणि उरलेलं संडासला नेते. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी लागतं. पाच जणांचं घर, कमीत कमी धरलं तरी २५० लिटर, आणि लिटरला किलो. म्हणजे पाव टन, रोज, कमरेवर, आणि वरच्या खोलीत राहत असाल तर एक हात लोखंडी शिडीला. हे गणित मात्र स्लाइडवर घालू नका, उगाच लोक कंटाळतात.

वीस सेकंद हात धुवा म्हणून सांगा. कशाने ते नंतर बघू.

'पाणी उकळून प्या' हे तर पाहिजेच. गॅस कोणाचा, हा प्रश्न आला तर हसून टाळा. आणि पाणी मुळात घाण का होतं त्यात अजिबात पडू नका. पाइप गटारातून गेलाय, पाणी थोडाच वेळ सोडतात, बाकी वेळ पाइप रिकामा, आत प्रेशर नाही, की मग जिथे जिथे तो फुटलाय तिथून गटार आत ओढलं जातं. म्हणून सुरुवातीचं पाणी पिवळट येतं, वास मारतं, सोडून द्यावं लागतं. ते सोडताना पटकन फोटो काढा, खाली लिहा 'पाण्याची नासाडी'.

आकडेवारी लागली तर डब्ल्यूएचओ-युनिसेफची मोजपट्टी आहेच. पाण्याची जागा बऱ्यापैकी सुरक्षित असली आणि रांगेसकट जाऊन-येऊन ३० मिनिटांत पाणी घरी आलं तर तुमची 'मूलभूत' सोय झालेली आहे, अभिनंदन. हे एका खेपेचं हां. दिवसातून खेपा किती, ते कोणी विचारत नाही.

कनेक्शन मागायला कोणी आलं की जागेचा कागद मागा. कागद नाही म्हणून पाइप नाही, पाइप नाही म्हणून लोक चोरून जोडतात, चोरून जोडलं म्हणून धाड, धाडीत पाइप कापला की टँकर. टँकरवाल्याला मात्र हे पाणी कुठून भरलंस असं विचारायचं नाही, तो व्यवसाय आहे. पाइपवाल्या घरांपेक्षा लिटरमागे जास्त पैसे गरीबच मोजतो, कराची असो नाहीतर नैरोबी, तरी स्लाइडवर लिहायचं 'लोकांची पैसे भरायची तयारी नाही'. २८ जुलै २०१० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा माणसाचा हक्क म्हणून मान्य केला, त्यात कागदाची अट मला तरी कुठे दिसली नाही.

लोकसहभागावर बोलायचं तर कराचीच्या ओरंगी वस्तीचं उदाहरण द्या. १९८० मध्ये अख्तर हमीद खान या समाजसेवकांनी तिथे काम सुरू केलं आणि तिथल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हाताने गल्लीगल्लीत ड्रेनेज टाकलं. टाळ्या. मग इथेच थांबा, कारण गल्लीबाहेरची मोठी लाइन आणि पुढची प्रक्रिया सरकारची, हा त्याच मॉडेलचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो सांगितला की साहेब लोकांना फोन येतो, बाहेर जावं लागतं.

२२ मार्च जागतिक जल दिन, १९ नोव्हेंबर जागतिक शौचालय दिन. बाकीचे दिवस मोकळे.

आता संडास. विषय नाजूक, आवाज खाली घ्या. बांधून द्या, फीत कापा, पाटीवर नावं मोठी टाका. पाणी नंतर, लाइट नंतर, मेन लाइनची जोडणी तर फारच नंतर, तोवर सेप्टिक टाकी, आणि ती उपसायची कोणी हे कोणाच्याच फाइलमध्ये नाही, मग ती भरते, उलटी मारते, आणि तुम्ही परत येऊन म्हणता की या लोकांना वापरता येत नाही. वापरता येत नाही? कडीच्या जागी सुतळी बांधलीय, ती एका हाताने आतून ओढून धरायची, टॉर्च लावलेला मोबाइल दातात, टमरेल दुसऱ्या हातात कारण खाली कोरडी जागा नाही, आणि बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय. या एकदा, करून दाखवा. कितीतरी बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री जायला लागू नये म्हणून, मग लघवीला जळजळ, मग डॉक्टर म्हणतो भरपूर पाणी प्या. पिऊ हो, मग जाऊ कुठे? आपत्तीच्या छावण्यांसाठी स्फिअर म्हणून मानकं आहेत, त्यात २० माणसांमागे एक संडास, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, २५० माणसांमागे एक नळ, आणि रांगेत ३० मिनिटांच्या वर कोणाला उभं ठेवू नये असं लिहिलंय. म्हणजे आमची वस्ती भूकंपात पडली असती तर बरं झालं असतं. पिढ्यानपिढ्या न पडता राहिलो हीच आमची चूक.

आणि मानसिकता, मानसिकता काय लावलंय? १८५४ ला लंडनमध्ये कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने घाण पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला, लोकांना टोप्या नाही वाटल्या. आणि १८५८ च्या उन्हाळ्यात घाणीने भरलेल्या थेम्स नदीचा वास थेट संसदेत शिरला तेव्हा खासदारांनी झटपट कायदा करून गटारांना पैसे दिले. तिथे कोणाची मानसिकता बदलली सांगा. नाकं वरच्यांची होती एवढंच.

आम्हाला हात धुवायला आवडत नाही असं वाटतं का तुम्हाला? पोरांना जुलाब झाले की रात्रभर कोण जागतं? जो सोय करायला बांधील आहे त्याला एक प्रश्न विचारायची हिंमत नाही, म्हणून आमच्या सवयी मोजत फिरता, आणि त्याचा अहवाल करून पुढच्या शिबिराचे पैसे आणता. लाज वाटली पाहिजे. व्हॉल्व्ह कोणाच्या सहीने उघडतो, टाकी उपसायची गाडी कोण पाठवणार, मेन लाइनला जोडणी कधी, तेवढं लेखी आणून द्या. नसेल जमत तर नका देऊ, पण मग निदान आम्हाला घाणेरडे म्हणू नका.