तीनच तर माणसं आहेत!

आमच्या घरी सिनेमा बघायचा म्हणजे आईच्या शेजारी बसायचं, आणि आईच्या शेजारी बसायचं म्हणजे दर चार मिनिटांनी "हा कोण?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं. मागे एकदा गँगवॉरवाला पिक्चर लावला होता, त्यात एका टकल्या माणसाची ओळख मी तिला चार वेळा करून दिली, पाचव्यांदा तिने विचारलं तेव्हा तो नुकताच मेला होता. तर म्हणते, "अरेरे, बरा होता रे बिचारा." त्याने तोवर सहा खून केले होते.

तर बायकोने शेवटी फर्मान काढलं की यापुढे माणसं कमी असलेलेच सिनेमे लावायचे. मी ते मनावर घेतलं. दोन संध्याकाळी घालवून शोधलं आणि सापडला, 'द डिसॅपिअरन्स ऑफ अ‍ॅलिस क्रीड', २००९ चा ब्रिटिश सिनेमा, अपहरणाचा थ्रिलर, आणि अख्ख्या सिनेमात माणसं किती? तीन! दोघं पळवणारे, एक पळवलेली, बास. तिचा श्रीमंत बाप नाही, पोलीस नाहीत, चहा आणून देणारा पोऱ्यासुद्धा नाही. शेवटपर्यंत चौथा चेहरा दिसत नाही. जे ब्लेकसन नावाच्या माणसाचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच सिनेमा, शूटिंग सगळं आइल ऑफ मॅनवर, म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या बेटावर. मला वाटलं, जिंकलो. विक, डॅनी आणि अ‍ॅलिस. आईच्या भिशीत अठरा बायका आहेत, त्यांच्या सुनांची नावं तिला पाठ आहेत, तीन नावं काय लक्षात राहणार नाहीत?

(पुढे बरंच काही फुटणार आहे हे आत्ताच सांगून ठेवतो. सिनेमा पंधरा वर्षांहून जुना आहे, तुम्हाला भरपूर वेळ मिळाला होता.)

शनिवारी रात्री नऊला जेवणं आटपून बसलो. आई सोफ्यावर, पायाशी शेंगांची परात कारण हातांना काम हवं, बाबा आरामखुर्चीत, बायको मोबाईलसकट बीनबॅगवर, आणि मी रिमोट घेऊन खाली जमिनीवर. म्हणजे पडद्यावर तीन आणि हॉलमध्ये चार, इथेच खरं तर मला धोका कळायला हवा होता.

सिनेमा सुरू होतो तेव्हा पहिली काही मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. दोन माणसं गाडी चोरतात, नंबरप्लेट बदलतात, हार्डवेअरच्या दुकानात जाऊन सामान आणतात, एका फ्लॅटची खोली आतून फोम लावून साऊंडप्रूफ करतात, पलंग ठोकतात, कड्या बसवतात. अतिशय जबरदस्त सुरुवात आहे, नुसतं बघूनच पोटात गोळा येतो. पण बाबांनी दुसऱ्याच मिनिटाला जाहीर केलं, "आवाज बंद आहे." म्हटलं नाही बाबा, ते बोलतच नाहीयेत. "असं कसं, दोन माणसं काम करतायत आणि बोलत नाहीत?" बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनियर होते, न बोलता काम झालेलं त्यांनी चौतीस वर्षांत पाहिलेलं नाही. मग त्यांनी रिमोट मागून घेतला आणि आवाज वाढवत नेला, वीस, तीस, अठ्ठेचाळीस.

तेवढ्यात कामाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते रिमोट विसरले. "बघ बघ, स्क्रू बघ, एक तिरका नाही. फोम कसा कापलाय! काम असं असावं." आता इथे सांगायला हवं की आमच्या बेडरूमचं कपाट करायला आलेला सुतार 'दोन दिवसांत देतो' म्हणून गणपतीआधी गेला तो दिवाळीनंतर उगवला, आणि त्या कपाटाचं डावं दार अजून उजव्या दारावर चढतं. त्यामुळे ही दोन माणसं एका मुलीला डांबून ठेवायला ही खोली करतायत हा मुद्दा बाबांच्या दृष्टीने दुय्यम होता. "माणसं वाईट असतील, पण वेळ पाळतात," इति बाबा.

आणि मग अपहरण झालं. दोघं बुरखे घालून तिला उचलतात आणि ती जी ओरडते ती अठ्ठेचाळीसवर ओरडली. शेंगांची परात उडाली. तीस सेकंदांत दारावरची बेल. समोरच्या काकू, केस मोकळे, हातात लाटणं. "सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं हो काकू, सिनेमा आहे. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून आमची चारही माणसं मोजली, माझ्या बायकोकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मग गेल्या.

परत येऊन बसलो तर आईचा प्रश्न तयारच होता. पडद्यावर दोन माणसं, दोघांच्या तोंडावर काळे बुरखे, फक्त डोळे दिसतायत.

"हा कोण?"

आता काय सांगणार? म्हटलं हा विक असेल. किंवा डॅनी. "मग तो?" तो दुसरा. "अरे पण हा कुठला?" मी सिनेमा मागे नेला, पुढे नेला, एक जाडसर वाटतो तो मोठा, बारीक तो धाकटा असा काहीतरी तोडगा काढला. तीन माणसांच्या सिनेमात आठव्या मिनिटाला ओळखपरेड!

मग तो सीन आला. तिला पलंगाला बांधून ते तिचे कपडे कात्रीने कापतात, फोटो काढतात, सगळं एकदम थंडपणे, ऑफिसचं काम केल्यासारखं. बघवत नाही खरं तर, आणि आईवडिलांसोबत तर अजिबातच बघवत नाही. रिमोट बाबांच्या मांडीखाली. बाबांनी सकाळचा पेपर उचलून छोट्या जाहिराती वाचायला सुरुवात केली. बायको फोनमध्ये इतकी खाली वाकली की कपाळ स्क्रीनला टेकलं. मी छताचा पंखा बघत होतो, त्यावर धूळ होती. फक्त आई सरळ टीव्हीकडे बघत होती, आणि त्यांनी त्या मुलीला ट्रॅकसूट घातल्यावर सुटकेचा श्वास टाकून म्हणाली, "घातलं बाई काहीतरी अंगात. गारठली असती पोर." मला तेव्हा थोडी लाज वाटली, कारण आम्ही तिघं स्वतःला लाजत होतो आणि त्या मुलीचा विचार एकटी आई करत होती.

ती मुलगी म्हणजे जेमा आर्टर्टन. बाबांनी पेपरच्या वरून बघून ओळखली, "ही बाँडच्या पिक्चरात होती." होती खरंच, २००८ च्या. आईचा चेहरा एकदम उजळला, कारण पहिल्यांदाच 'ही कोण'चं उत्तर तिला न विचारता मिळालं होतं.

खंडणी मागतात वीस लाख पौंड. बाबांनी पॉज करायला लावून पेपरातला भाव बघून रुपयात हिशोब केला, वीस कोटींच्या वर जातो, मग म्हणाले दोघांत वाटून दहा-दहा, त्यातून फोम आणि गाडीचा खर्च वजा. मोठा विक बाहेर जातो, धाकटा डॅनी एकटा पहाऱ्याला. अ‍ॅलिस बाथरूमचं निमित्त काढून त्याचं पिस्तूल हिसकावते, गोळी सुटून भिंतीत जाते, आणि मग तो बुरखा काढतो. आणि पहिला झटका! ती त्याला ओळखते. तो तिचा जुना बॉयफ्रेंड.

आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मला वाटलंच होतं."

काय वाटलं होतं? "तो तिच्याकडे बघत नव्हता. बांधताना मोठा बघत होता, हा मान फिरवत होता. जो ओळखतो तोच मान फिरवतो." मी आईकडे बघतच राहिलो. आईने गेली वीस वर्षं संध्याकाळी सात ते दहा मराठी सिरियल बघितल्यात, तिथे स्मृती गेलेले नवरे, चेहरा बदलून आलेल्या सवती आणि विहिरीतून परतलेले दीर यांच्याशी तिचा रोजचा संबंध. तिच्यापुढे हे इंग्रज म्हणजे कालची पोरं.

मग ते रिकाम्या काडतुसाचं प्रकरण येतं आणि माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भारी प्रसंग तोच आहे. विक परत आलाय, गोळी सुटल्याचं त्याला कळता कामा नये, म्हणून डॅनी काडतूस कमोडमध्ये टाकून फ्लश करतो, आणि ते जात नाही. पुन्हा फ्लश, पुन्हा तिथेच. बाहेर विक. एवढंसं पितळ, पण श्वास अडकतो. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, आणि त्या शांततेत बाबा म्हणाले, "टाकी पूर्ण भरू द्यायला हवी. प्रेशरच नाही."

शेवटी तो ते गिळतो. "गिळलं?" आई. हो. "अगं बाई. आता इसबगोल."

आणि हे हसू ओसरायच्या आत दुसरा झटका, विक आणि डॅनी एकमेकांचं चुंबन घेतात. म्हणजे ते नुसते पार्टनर नाहीत, जोडीदार आहेत. बाबा "पाणी आणतो" म्हणून उठले, त्यांच्या हाताशी तांब्या भरलेला होता. आई मात्र शेंग हातात तशीच धरून गंभीरपणे विचार करत होती. मग म्हणाली, "म्हणजे मोठ्याला वाटतं हा माझा. पोरीला वाटतं हा माझा. आणि हा दोघींना... दोघांना... म्हणजे दोन्हीकडे सांगतोय की मी तुझा." बरोबर. "मग हा कोण?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वीस वर्षं ज्या प्रश्नाला मी वैतागत आलो तोच प्रश्न इथे अख्खा सिनेमा विचारत होता. तीनच माणसं, पण दर वीस मिनिटांनी प्रत्येकजण वेगळाच निघतो, त्यापेक्षा चौदा पोलीस परवडले, ते निदान पोलीसच राहतात. आई पुढे म्हणाली, "आमच्या सिरियलीत एवढं एका दिवसात देत नाहीत. सहा महिने पुरवतात."

पुढे ती मुलगी त्याला गोड बोलून त्यालाच पलंगाला बेड्या घालते (आईने टाळी वाजवली) आणि त्याच्या फोनवरून पोलिसांना फोन लावते. पण सांगणार काय? तिला डोक्यावरून पिशवी घालून आणलेलं, आपण कुठे आहोत हेच तिला माहीत नाही. खोलीचं दार बंद, पत्ता माहीत नाही, आणि नेमका त्याच क्षणी माझा फोन वाजला. आईस्क्रीम मागवलं होतं. "सर, लोकेशनवर पोचलोय, पण बिल्डिंग दिसत नाही. लँडमार्क सांगा." मी दबक्या आवाजात गणपती मंदिराच्या मागे, मागे म्हणजे पुढून मागे नाही, पिठाच्या गिरणीकडून मागे. तिकडे ती रडतेय, इकडे हा म्हणतोय सर गिरणी दोन आहेत. आई टीव्हीला ओरडतेय, "अगं खिडकीतून बघ काय दिसतंय ते!" बाबा तिला सांगतायत खिडकीला फोम लावलाय, मीच नाही का मघाशी म्हटलं, फिनिशिंग चांगलंय. आईस्क्रीम आलं तेव्हा त्याचं मिल्कशेक झालं होतं, तरी आम्ही ते वाटीतून प्यायलो कारण कुणालाच टीव्हीवरून नजर हटवायची नव्हती. बायकोचा फोन कधीच उलटा पडला होता.

शेवटची पंधरा मिनिटं. मुलीला एका ओसाड गोदामात नेऊन साखळीने बांधलंय, पैसे आलेत, विकला संशय आलाय. आणि लाईट गेली.

आमच्या इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक ट्यूब चालते. टीव्ही नाही, राउटर नाही. माझा मोबाईल चार टक्के, बायकोचा सहा. आईचा टॅब फुल्ल चार्ज होता पण तो 'भजनाचा' म्हणून कुणी हात लावत नाही. आम्ही ट्यूबच्या उजेडात चौघं एकमेकांकडे बघत बसलो. बाबा म्हणाले, धाकटा पैसे घेऊन पळणार, दोघांना चाट मारून, सरळ आहे.

"नाही," आई म्हणाली. "नाव काय म्हणालास सिनेमाचं?" सांगितलं. "म्हणजे?" म्हणजे अ‍ॅलिस क्रीडचं गायब होणं. "बघ. पळवलं असं कुठे म्हटलंय? गायब होणं म्हटलंय. पळवलेलं माणूस एक तर सुटून घरी येतं नाहीतर मरतं. गायब होणारं आपल्या पायाने होतं." बाबा म्हणाले साखळीने बांधलेलं माणूस आपल्या पायाने कुठे जाणार, काहीतरी बोलायचं म्हणून बोलायचं. शब्दाने शब्द वाढला, एकेचाळीस वर्षांच्या संसारात वाढतो तेवढा, आणि शेवटी पैज लागली, जो हरेल त्याने सकाळचा चहा करायचा. बाबांनी आयुष्यात गॅस पेटवलेला नाही, त्यांना स्वतःच्या मताबद्दल तेवढी खात्री होती.

साडेअकरापर्यंत वाट बघितली. लाईट आली नाही. सगळे झोपायला गेले, आणि जाताना मी सगळ्यांकडून वदवून घेतलं की उरलेलं उद्या सकाळी एकत्र बघायचं, कुणीही एकट्याने बघायचं नाही. आई म्हणाली, "मला कुठे ते लावता येतं?"

पहाटे साडेपाचला मला जाग आली. लाईट आली होती. आता मी काही संत नाही, मोबाईल चार्जरवरून काढला, हेडफोन घेतले आणि पाय न वाजवता बाथरूममध्ये जाऊन दार लावलं. टाकीवर बसून अ‍ॅप उघडलं. काल थांबलो होतो तिथे ती लाल रेघ असायला हवी होती पाऊण अंतरावर. ती पार टोकाला गेलेली. खाली लिहिलेलं, 'पुन्हा पाहा'.

मी बाहेर आलो. आई हॉलमध्ये सोफ्यावर मांडी घालून, टॅब उशीखाली, शेंगा नव्हत्या पण चेहऱ्यावर तेच भाव. स्वयंपाकघरात उजेड होता आणि भांड्यांचा आवाज येत होता. मी डोकावलो. बाबा ओट्यासमोर लाईटर उलटा धरून उभे होते, पातेल्यात चौघांसाठी साधारण बारा कप पाणी.

"काय रे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "साखर कुठल्या डब्यात असते?"